चढ आणि उडी

मगदूमांच्या घरात पंचवीस वर्षं कुणी मोठ्यानं भांडलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्या वर, दोन खोल्या खाली असं घर होतं आणि गल्लीतल्या लोकांना या शांततेचं फार कौतुक होतं. खरं कारण वेगळं होतं. घरातल्या बाईला, म्हणजे अनुजाला, धक्का सोसत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि तिचा नवरा अभिनंदन हा एखादी गोष्ट अंगावर घेतली की ती शेवटपर्यंत निभावणारा माणूस होता.

सुरुवात लग्नाच्याही आधीची. तेविसाव्या वर्षी अनुजा राज्य कॅरम स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली होती. शेवटचा बोर्ड. राणी घेऊन झाली होती, कव्हर तेवढं राहिलं होतं, आणि नेमकी सोंगटी तिच्याच अंगाकडच्या बाजूला, रेघेच्या मागे अडकून बसली होती. अशी सोंगटी काढायला खुर्चीवरून न उठता खांदा खाली घालावा लागतो, मान वाकवावी लागते. ती वाकली आणि छातीत कुणी कळ दाबावी तसं झालं. पुढच्याच ठोक्याला हृदय सुसाट सुटलं. गळ्याशी ठोके उडू लागले, बोटं गार पडली, नेम चुकला. सात-आठ मिनिटांनी ते जसं अचानक सुरू झालं तसंच अचानक थांबलं, पण तोवर सामना हातचा गेला होता.

प्रशिक्षक म्हणाले, पोरीला दडपण झेपत नाही. डॉक्टरांनी ईसीजी काढला तर तो नॉर्मल. पुढे जेव्हा जेव्हा काढला तेव्हाही नॉर्मलच, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं थांबलेलं असायचं. प्राणायाम झाला, झोपेच्या गोळ्या झाल्या, चार डॉक्टर बदलून झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच: हे मनाचं आहे.

अभिनंदननं ते पहिल्यांदा पाहिलं लग्नानंतर सहा महिन्यांनी. अनुजाची मावशी वारल्याचा फोन आला. गावी जायला बॅग काढावी म्हणून ती पलंगाखाली वाकली आणि तिथंच बसली, पांढरीफटक. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: फोन आला आणि हिला झालं. बॅगेचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक बातमी आधी त्याच्याकडे जायची. तो विजेच्या उपकेंद्रात नोकरीला होता. कुठल्या लाइनवर किती भार जाऊ द्यायचा हे बघणं त्याचं रोजचंच काम. घरीही तो तेच करू लागला. मुलगी त्रिशला बोलायला लागली तशी तिलाही शिकवण मिळाली की काही झालं तर आईला नाही, आधी पप्पांना सांगायचं.

अनुजाला हे कळत नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाला सगळे काचेचं भांडं समजतात, तोही हळूहळू स्वतःला जपूनच उचलू लागतो.

सन २०४६च्या फेब्रुवारीत पोस्टात, जिथं ती आता उपडाकपाल होती, खालच्या फळीवरचं पार्सल काढायला ती वाकली आणि धडधड सुरू झाली. या वेळी ती दहा मिनिटांत थांबली नाही. पाऊण तास चालली, चक्कर आली, कपाळ काउंटरच्या कडेवर आपटलं. सहकाऱ्यांनी तिला मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. गाडी दारात थांबली आणि धडधडही थांबली. मनगटावरच्या घड्याळात मात्र आकडा राहिला होता: मिनिटाला एकशे शहाऐंशी.

तिथं तिला डॉ. रुबीना मुजावर भेटल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कपाळाची जखम पाहिली, घड्याळातला आकडा पाहिला आणि विचारलं, "हे सुरू होतं तेव्हा ठोके हळूहळू वाढत जातात की एकदम? आणि थांबताना?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. अनुजा म्हणाली, "एकदम. दोन्ही वेळा एकदम."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तिला दुसऱ्या दिवशी बनियन घालायला बोलावलं.

त्या यंत्राला कागदोपत्री हृदयप्रतिमा असं भारदस्त नाव होतं, पण मिरजेत शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे त्याला बनियनच म्हणत. दिसायलाही ते तसंच होतं. पातळ, राखी, अंगाला चिकटून बसणारं. त्यात तीनशे संवेदक विणलेले होते. प्रत्येक ठोका देताना हृदयातून विजेची एक बारीक लाट जाते. ती छातीवर, पाठीवर, बरगड्यांवर कुठं किती वेळानं पोचते हे संवेदक टिपत. त्याला सोनोग्राफीतून घेतलेला हृदयाचा आकार जोडला की संगणकात त्या माणसाच्या हृदयाची विजेच्या हिशेबानं चालणारी प्रत उभी राही. मग जे जिवंत माणसावर करून बघता येत नाही ते प्रतीवर करता येई. एक ठोका लवकर द्या, दोन द्या, एखादी वाट बंद करा आणि काय होतं ते बघा.

डॉ. मुजावर यांनी नवराबायकोला समोर बसवून समजावलं. हृदय वेगानं पळतं म्हणजे सगळ्यांना एकच आजार असतो असं नाही. कुणाच्या हृदयात एखादा ठिपका चेकाळतो आणि मालकाला न विचारता स्वतःच ठोके देऊ लागतो. कुणाच्या बाबतीत ठोका देऊन झाल्यावर पेशी नीट शांत होत नाहीत आणि मागाहून आणखी एक झटका देतात. आणि कुणाच्या हृदयात फेरा बसतो. वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाताना वीज एका सांध्यातून जाते. बहुतेकांना तिथं एकच वाट असते. काहींना जन्मतः दोन असतात. एक जलद, पण एकदा वापरली की बराच वेळ विसावा घेणारी. दुसरी संथ, पण लगेच पुन्हा तयार होणारी. एरवी काही बिघडत नाही. पण एखादा ठोका वेळेआधी आला तर जलद वाट विसाव्यात असते, म्हणून वीज संथ वाटेनं खाली उतरते. ती खाली पोचते तोवर जलद वाट जागी झालेली असते. मग त्याच वाटेनं उलटी वर चढते, पुन्हा संथ वाटेनं खाली, पुन्हा वर. फेऱ्यात सापडलेली वीज थांबत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो.

"म्हणजे लूप झाला," अभिनंदन म्हणाला. उपकेंद्रातला माणूस, त्याला हे चटकन उमगलं.

अडचण पुढं होती. अनुजाच्या प्रतीनं एक नव्हे, दोन उत्तरं दिली होती, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच वजनाची. एक, फेरा. दोन, वरच्या कप्प्यातला एक ठिपका, जो भीतीच्या किंवा धक्क्याच्या वेळी रक्तात येणाऱ्या रसायनावर चेकाळतो. फेरा असला तर संथ वाट गोठवून टाकायची, काम संपलं. ठिपका असला तर गोठवण्याचा उपयोग नाही. जन्मभर गोळ्या आणि जन्मभर शांतता. म्हणजे अभिनंदनची पंचवीस वर्षं बरोबर ठरली असती.

निकाल लावायला प्रतीला जिवंत हृदयाच्या दोन नोंदी हव्या होत्या: एक वाकण्याची, एक खऱ्या धक्क्याची. इंजेक्शनानं ठोके वाढवता येतात, डॉक्टर म्हणाल्या, पण बातमी ऐकून मज्जातंतू जे करतात ते इंजेक्शन करत नाही. त्यांनी आधी साधे उपाय करून पाहिले. बनियन घातलेल्या अनुजाला हजारातून सतरा सतरा वजा करायला लावले, पाठीमागे भांडं पाडलं. ठोके अठ्ठ्याऐंशीच्या वर जाईनात. शांततेचा तिला इतका सराव झाला होता.

शेवटी डॉक्टरांनी अनुजाला विचारलं, घरातली एखादी खरी गोष्ट तुमच्या मिस्टरांनी सांगितली तर चालेल का, जी तुम्हाला माहीत नाही? अनुजा म्हणाली, असं काही मोठं असेल असं वाटत नाही, पण विचारा. डॉक्टर अभिनंदनकडे वळल्या. त्यानं आधी नाही म्हटलं. मग अनुजाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"एकतीस साली पुण्याहून फोन आला होता," तो म्हणाला. "तू पोस्टाच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकून आलीस, त्यानंतर. निवड समितीचा. मालदीवमध्ये मालेला जाणाऱ्या संघात त्यांना तू हवी होतीस. मी सांगितलं, डॉक्टरांची परवानगी नाही."

त्या वर्षी अनुजा दोन महिने त्या फोनची वाट बघत होती. आला नाही तेव्हा तिनं आपला बोर्ड शेजारच्या मुलांना देऊन टाकला होता. तो बोर्ड शेजारी नेऊन द्यायला अभिनंदननंच उचलला होता.

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

पडद्यावर आकडा चढत होता. अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव, शंभर. एकशे अठरापर्यंत गेला, तिथं थोडा थांबला आणि मग एकेक पायरी उतरू लागला. डॉ. मुजावर पडद्याशी वाकून उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हा चढ आहे. कुणाच्याही हृदयात येईल असा. उडी नाही."

त्यांनी निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहातून एक कॅरम बोर्ड मागवून ठेवला होता, पावडरीच्या डबीसकट. अनुजाला खुर्चीवर बसवलं आणि काळी सोंगटी मुद्दाम तिच्या अंगाकडे ठेवली. तिचे डोळे भरलेले होते आणि जबडा आवळलेला. पहिल्यांदा वाकली, काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा तिनं खांदा पार खाली घातला, आणि पडद्यावर एक ठोका थोडा लवकर पडला. त्याच्या पुढचा ठोका एकशे ब्याऐंशीच्या चालीचा होता. मधे काही नाही. चौऱ्याण्णव आणि लगेच एकशे ब्याऐंशी. पडद्यावरच्या प्रतीत विजेची निळी रेघ संथ वाटेनं उतरली, जलद वाटेनं वर चढली, पुन्हा उतरली, आणि सांध्याभोवती चक्राकार फिरत राहिली.

"झालं. फेराच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता आडव्या व्हा."

"थांबा," अनुजा म्हणाली. गळ्याशी ठोके उडत होते. तिनं स्ट्रायकर लावला, अंगठ्यानं मारला आणि काळी सोंगटी भोकात घातली. मग ती उठून पलंगावर आडवी झाली. तिनं तोंडात दिलेल्या नळीत जोर लावून फुंकर मारली, नर्सनं पाय उचलून धरले, आणि बाराव्या सेकंदाला फेरा तुटला. निळी रेघ पुन्हा शहाण्यासारखी वरून खाली जाऊ लागली.

घरी आल्यावर अनुजानं चहा केला, एक कप त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "आणखी काय काय?"

सांगायला तीन संध्याकाळी लागल्या. तिच्या भावानं दुकान केव्हाच बंद केलं होतं आणि तो दुसऱ्याकडे कामाला जात होता. त्रिशला बारावीला गणितात नापास झाली होती आणि पुरवणी परीक्षेला बसली होती. आईला वाटत होतं, निकालाला उशीर झाला. हे तिनं ऐकून घेतलं. पण स्मिता, जिच्याबरोबर ती दुहेरी खेळायची, ती सहा वर्षांपूर्वी पुण्यात वारली हे ऐकल्यावर ती उठून गच्चीवर गेली. स्मिता आपल्याला विसरली म्हणून तिनं सहा वर्षं मनात धरलं होतं. आणि तिसऱ्या संध्याकाळी अभिनंदननं सांगितलं की ज्या आठवड्यात तो प्रशिक्षणाला नागपूरला म्हणून गेला होता, त्या आठवड्यात तो नागपूरला गेलाच नव्हता. उपकेंद्रात त्याला शॉक बसला होता आणि तो इस्पितळात होता.

"जवळ कोण होतं?"

"कुणी नाही. कुणाला बोलावणार? तुला कळलं असतं."

तेव्हा अनुजाचा आवाज चढला. घरात पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली की तिला कुणी काचेचं भांडं व्हायला सांगितलं नव्हतं, तिचं माणूस एकटं इस्पितळात पडतं आणि ती इथं बसून लोणचं घालते, हा कसला संसार. त्यालाही राग आला. तोही ओरडला की पलंगापाशी पांढरीफटक पडलेली बायको त्यानं पाहिली होती, तिनं स्वतःला पाहिलं नव्हतं. आणि ती पुन्हा तशी पडू नये म्हणून त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. शेजारच्या काकू दारापर्यंत येऊन गेल्या. भांडण अर्धा तास चाललं. घड्याळात ठोके एकशे बावीस झाले, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत खाली आले. जेवताना दोघांनाही कडकडून भूक लागली होती.

माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही. मालेचा प्रवास काही परत येणार नव्हता. पण ती रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपली नाही, आणि त्यानं ते ओळखलं.

आठवड्याभरानं डॉ. मुजावर यांनी संगणकातल्या प्रतीवर तोच उपचार अकरा वेळा करून पाहिला. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाशी थंडी सोडून संथ वाट गोठवायची. अकरांपैकी एका वेळी मुख्य वाटही सुस्तावली, म्हणून त्यांनी जागा दीड मिलिमीटर खाली घेतली. हे सगळं त्यांनी अनुजाला सांगितलं, धोक्याच्या आकड्यासकट. फॉर्म पुढे आला तेव्हा सवयीनं अभिनंदनचा हात पेनाकडे गेला. अनुजानं पेन घेतलं आणि सगळी पानं वाचून सही केली. उपचाराला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी तिला वीस वेळा वाकायला लावलं. काही झालं नाही. विसाव्या वेळी तिनंच विचारलं, अजून वाकू का.

त्यानंतरचे दोन-तीन महिने अभिनंदनला चमत्कारिक गेले. फोन वाजला की तो अजूनही आधी उठायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा. टीव्हीवर अपघाताची बातमी लागली की हात रिमोटकडे जायचा. त्याला कळेना की आता दिवसभर करायचं काय. दुपारी झोप येऊ लागली, आणि ती इतकी गाढ की अनुजानं एकदा त्याच्या नाकापुढं बोट धरून पाहिलं.

ती पुण्याला स्मिताच्या आईला भेटून आली. पोस्टातल्या मुलींबरोबर जेवणाच्या सुट्टीत पुन्हा खेळू लागली. मे महिन्यात कोल्हापूरला प्रौढांच्या स्पर्धेत उतरली आणि उपांत्यपूर्व फेरीत इचलकरंजीच्या एका बाईकडून हरली, कारण त्या बाईचा कट तिच्यापेक्षा चांगला होता. हरण्याचं इतकं साधं कारण तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. येताना तिनं मिसळ खाल्ली आणि गाडीत खिडकीशी बसून त्या कटाचाच विचार करत आली.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी त्रिशलाचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करत होती आणि डिसेंबरात तिचं लग्न ठरलं होतं. फोन अभिनंदननं घेतला. त्याच्याशी ती चार शब्द बोलली आणि म्हणाली, "पप्पा, आईला द्या."

"काय झालं? मला सांग ना."

"आईला द्या."

त्यानं फोन दिला आणि दारापाशी उभा राहिला. अनुजा फोन घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. त्रिशला रडत नव्हती, पण शब्द जुळवत बोलत होती. तिला हे लग्न करायचं नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. तिलाच दोन महिने खात्री वाटत नव्हती. काल तिनं त्याला भेटून तसं सांगितलं होतं. आता दोन्हीकडच्यांना सांगायचं होतं आणि तिला धीर होत नव्हता. अनुजानं मधे फारसं तोंड घातलं नाही. जेवलीस का विचारलं, तो काय म्हणाला विचारलं, आणि तुझं नक्की ठरलंय ना हे दोनदा विचारलं. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. आम्ही संध्याकाळपर्यंत येतो."

ती आत आली तेव्हा अभिनंदन पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं.

काही नाही, असं म्हणणं फार सोपं होतं. त्याचा रक्तदाब मागच्याच महिन्यात थोडा वाढलेला निघाला होता. अनुजानं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

त्याचा चेहरा लाल झाला आणि तो चांगला मोठ्यानं म्हणाला, "दोन महिने? आणि हे मला आधी का नाही सांगितलं कुणी?"

अनुजाला हसू फुटलं. तिनं तोंडावर पदर धरला तरी ते थांबेना. ती ओट्याला टेकून हसत राहिली. तो रागानं तिच्याकडे बघत होता. मग आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचेही ओठ हलले.

दुपारच्या बसनं दोघं पुण्याला निघाले. कराडपर्यंत तो कुरकुरतच होता, आणि तीही त्याला एकेका वाक्याला उत्तर देत होती.